‘दुखेल’ म्हणणाऱ्या सिस्टर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भिवंडीतल्या एका दुमजली हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेली लोखंडी खाट ही ऐतिहासिक वास्तू म्हणून ताबडतोब जाहीर व्हायला हवी. तिच्याभोवती दोरी बांधावी, पाटी लावावी, शाळांच्या सहली आणाव्यात. कारण या खाटेवर मी, अंगात कसलाही आजार नसताना, माझ्या आयुष्यातल्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस उताणी पडून काढलेला आहे. आणि त्याचा पगारही घेतलेला आहे.

हा प्रताप माझा नव्हे. तो आमच्या इन्चार्ज सिस्टरांचा. आम्ही सगळ्या त्यांना नुसतंच ‘सिस्टर’ म्हणायचो. बाकीच्या आम्ही डझनभर पोरीही सिस्टरच होतो, पण त्या मजल्यावर कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की आम्ही कुणी मान वळवत नसू. ते पद एकच होतं.

मी ‘पोरी’ म्हणाले खरं, पण त्यात माझी गणना होत नव्हती. नर्सिंगच्या कोर्सला वयाची अट असते, आणि मी त्या अटीच्या अगदी कडेवरून, साडी सावरत, आत उडी मारली होती. मुलगी शाळेत रुळली, नवऱ्याला काल्हेरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझरचं काम मिळालं, आणि एके दिवशी मी जेवताना जाहीर केलं की मी नर्स होणार. घरात कुणी काही बोललं नाही. कुणाला ऐकूच गेलं नसावं. तेव्हा मी फार हळू बोलायचे.

आज माझी बडबड ऐकणाऱ्यांना हे पटणार नाही. माझी मुलगी तर शपथेवर सांगते की आई झोपेतही किस्से सांगते. पण तेव्हा मी खरंच घुम्यासारखी असायचे. सासरी आठ-दहा वर्षं मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का?’ एवढ्यावर काढली होती. कोर्सची तीन वर्षं मी लेखी पेपरात पहिल्या बाकावरच्या पोरींना मागे टाकलं आणि शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सपशेल आपटले. परीक्षकांनी विचारलं, “या ट्रेमध्ये काय काय आहे?” मला सगळं येत होतं. ट्रेमधल्या प्रत्येक चिमट्याचं कूळ-गोत्र मी सांगू शकले असते. पण चार डोळे माझ्यावर रोखलेले पाहिले आणि माझी जीभ टाळूला अशी चिकटली की परीक्षकांनी शेवटी मलाच पाणी पाजलं.

प्रॅक्टिकल राहिलं की नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही तर नर्स नाही. मधल्या काळात हॉस्पिटलात ‘ट्रेनी’ म्हणून घेतलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “मॅडम, पुढच्या वेळी पास व्हा. नियम कडक झालेत, विनारजिस्ट्रेशन मी तुम्हाला फार दिवस ठेवू शकणार नाही.” मला ‘मॅडम’ म्हणणारा तो पहिला माणूस. ‘मॅडम’ म्हणून नोकरीवर घेतलं आणि त्याच वाक्यात काढूनही टाकायची तयारी ठेवली.

तर, खाट.

मी नवा कोरा युनिफॉर्म घालून, छातीवर ‘ट्रेनी’ असा बिल्ला लावून वर गेले. समोर एक ठेंगणी, गव्हाळ, साठीकडे झुकलेली बाई उभी होती. बाकी सगळ्या पोरी ट्युनिक-पँटमध्ये आणि ही एकटी पांढऱ्या शुभ्र नऊवारी थाटाच्या सहावारीत, खाली मुलांचे खेळायचे बूट. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोणाची आई तू?”

“मी… नवीन… ट्रेनी.”

“काय? मोठ्यानं बोल.”

“ट्रेनी.”

“हाय का! मना वाटला, सरकारची तपासणी आली.” मग खाटेकडे बोट. “झोप.”

“अं?”

“झोप त्या खाटंवर. आज तू पेशंट. आपल्याकडं नवीन आलेल्या सगळ्यांची पयली ड्युटी हीच हाय.”

मला वाटलं रॅगिंग आहे. मुलीच्या वयाच्या नसल्या तरी भाचीच्या वयाच्या पोरींनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि त्या तोंड फिरवून हसल्या. मी बूट काढून आडवी झाले. पुढचे काही तास सिस्टरांनी माझ्याशी एक शब्दही काढला नाही. न सांगता माझ्या काखेत थर्मामीटर खुपसला. न सांगता दंडाला पट्टा बांधून फुगवला. न सांगता खाट भिंतीपासून सरकवली, तेव्हा मला वाटलं मला कुठेतरी नेतायत. डोक्यावरून दोघीजणी गप्पा मारत गेल्या. पाठीखाली चादरीची एक घडी रुतत होती, आणि वर पंखा ‘पडतो-पडतो’ करत फिरत होता. मग सिस्टर एक झाकलेला ट्रे घेऊन आल्या, माझ्या शेजारी ठेवला आणि निघून गेल्या. त्या ट्रेकडे पाहून मी किती देव आठवले ते देवच जाणे. त्यात काहीच नव्हतं. रिकामा होता.

संध्याकाळी त्यांनी मला उठवलं. “भीती कधी वाटली?”

मी हळूच म्हणाले, “तुम्ही गप्प होता तेव्हा.”

“मंग?” त्या म्हणाल्या आणि गेल्या. एवढंच. कमरेवर हात ठेवून दिलेली ती एवढीशी शिकवण. पण आजही मी एखाद्या पेशंटजवळ मुकाट्याने गेले की माझ्या पाठीत ती घडी रुतते.

कारण सिस्टरांचा कायदा असा होता: जे करायचं ते आधी तोंडाने बोलायचं, मग हाताने करायचं. “आजी, आता मी हात धुतेय. आता चादर वर करतेय. आता गार लागंल, बोळा हाय.” त्या वॉर्डात शिरल्या की क्रिकेटचं धावतं वर्णन सुरू झाल्यासारखं वाटायचं. फक्त पेशंट असतानाच नाही. एकट्या असल्या तरी. “आता मी बाटली उघडतेय. ही जुनी हाय, ठेवतेय. ही नवी घेतेय.” त्यांचं म्हणणं होतं की चूक गप्प माणसाच्या हातात शिरते. बोलणाऱ्याच्या हातात शिरायला गेली तर त्याच्या कानाला कळते.

आणि आवाज! तो आवाज भिवंडीनेच घडवला होता. हॉस्पिटलच्या मागे, पुढे, आजूबाजूला पॉवरलूम. दिवसभर खटाखट खटाखट. आमचे निम्मे पेशंट त्या लूमवरचे कामगार, वर्षानुवर्षं त्या आवाजात उभे राहिलेले, त्यांना हळू बोललेलं ऐकूच येत नसे. त्यामुळे सिस्टर ज्या पट्टीत बोलत त्या पट्टीत आमच्याकडे लोक भांडतात. लूम चालू असले की ते चालून जायचं. पण भिवंडीत लाईट न सांगता जाते. लाईट गेली की सगळी गल्ली एका झटक्यात मुकी होते, आणि जो माणूस ज्या वाक्याच्या मध्यावर असेल त्याचं ते वाक्य उघड्यावर पडतं.

एकदा गल्लीतले एक मोठे शेठ ॲडमिट होते. सोन्याची साखळी, दोन फोन, बोलणं फक्त मॅनेजरशी. सिस्टर त्यांना इंजेक्शन द्यायला गेल्या. त्यांच्या पद्धतीने आधी जाहीर केलं. आणि नेमके लूम थांबले.

“शेठ, पालथे व्हा! उजव्या कुल्ल्यावर देतेय!”

खाली चहावाल्याच्या हातातली किटली थांबली. समोरच्या गाळ्यातले कामगार बाहेर आले. शेठनी उशीत तोंड खुपसलं ते डिस्चार्जपर्यंत काढलं नाही. पण गंमत म्हणजे पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोला बरं नव्हतं तेव्हा शेठ तिला आमच्याकडेच घेऊन आले. म्हणाले, “वो बड़ी आवाज़ वाली सिस्टर हैं ना? उनको बोलो. लेकिन पहले देख लेना, लाइट है कि नहीं.”

शुक्रवारी लूमना सुट्टी असते. त्या दिवशी तरी आवाज कमी करा, असं डॉक्टरने एकदा सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, “आवाजाला कुठं सुट्टी असते?”

कायद्याचं दुसरं कलम पहिल्यापेक्षा कडक होतं. ‘दुखणार नाही’ हे वाक्य त्या मजल्यावर बंद होतं. ‘काही होणार नाही’ हेही बंद. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणणाऱ्या एका पोरीला त्यांनी विचारलं होतं, “तुला कुठली मुंगी चावते गो, एवढी लांब?” सुई दुखते, तर ‘दुखेल’ म्हणायचं. आणि त्यानंतर काय करायचं ते सांगायचं. ‘दुखेल, माझा हात धर.’ ‘दुखेल, मोठ्यानं ओरड, पण हलू नको.’

मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझं पहिलंच इंजेक्शन. पेशंट म्हणजे लूमवरचे एक म्हातारे चाचा, दाढी पांढरी, दंड लोखंडी, आणि सुई पाहून चेहरा लहान मुलासारखा. मी माझ्या त्या चिमणीच्या आवाजात म्हणाले, “कुछ नहीं होगा, चाचा.”

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून गर्जना. “कोण बोललं ते?”

मी हात वर केला. सिस्टर बूट वाजवत आल्या. “आता त्यांना खरं सांग.”

“चाचा…” मी म्हणाले, “मैंने झूठ बोला. होगा.”

“दुखेगा, असं बोल.”

“दुखेगा, चाचा.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि शर्टाची बाही वर गुंडाळली. “लगाओ बेटी. पहली बार कोई सच बोल के सुई लगा रहा है.” मग सिस्टरांना, माझ्या वयाकडे बघत, “ये बड़ी सिस्टर हैं?”

“बड़ी तो है,” सिस्टर म्हणाल्या. “सिस्टर होना बाकी है.”

हे वाक्य महिनाभर हॉस्पिटलात फिरलं. लिफ्टवाल्यापासून केमिस्टपर्यंत सगळे मला ‘बडी’ म्हणू लागले. मला राग यायला हवा होता. पण सिस्टरांनी ‘बाकी है’ म्हटलं होतं. ‘नहीं होगी’ म्हटलं नव्हतं. आणि ही बाई खोटं बोलत नाही, हे तोवर मला समजलं होतं.

सिस्टर खारबावच्या. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि खाडीवरची. आता शेतात गोडाऊन उभी राहिलेली, भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरणारे. सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. गावभरच्या पोराटोरांच्या त्या आत्या. कधीकधी एखादा भाचा त्यांना पांढऱ्या धूड गाडीतून सोडायला येई. पुढच्या सीटवर मांडीत डबा धरून त्या बसलेल्या असत, राणीसारख्या. “आत्याला कामाची गरज काय?” असं घरचे विचारत. त्यावर सिस्टरांचं उत्तर, “मंग घरी बसून काय करू? गोडाऊन मोजू?”

येताना त्यांच्या डोक्यात रोज मोगऱ्याचा गजरा. पण ड्युटीवर फुलं नाहीत. आल्या आल्या गजरा काढून एका मोडक्या सलाईनच्या स्टँडवर टांगायचा आणि संध्याकाळी परत डोक्यात घालून घरी. त्या स्टँडला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. नव्या पेशंटांना वाटे ते एखादं देवस्थान आहे. एका बाईने तर खाली उदबत्ती लावली होती, आणि सिस्टरांनी तीही विझवू दिली नाही. “जळू दे. डास तरी जातील.”

डब्यात सुकटीची चटणी. डबा उघडला की जिन्यापर्यंत वास. डॉक्टर शुद्ध शाकाहारी. एक वाजला की त्याला खालच्या मजल्यावर अचानक महत्त्वाचं काम निघे. सिस्टरांचं मत असं की, ज्या पेशंटला सुकटीच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं तो घरी जायला तयार झाला. सकाळी राउंडला त्या डॉक्टरच्या कानाशी लागत. म्हणजे त्यांच्या मते कानाशी. आम्हाला सगळ्यांना ऐकू येई. “तीन नंबरला काल वास आला, सर. बरा हाय.” डॉक्टर रिपोर्ट बघायचा तो बघायचाच. पण नंतर हळूच विचारायचा, “आणि पाच नंबर?”

या एवढ्या शूर बाईबद्दल मला एकच गोष्ट खटकली होती. वर्षातून एकदा स्टाफला लस टोचायचे. त्या दिवशी सिस्टर सगळ्यांना रांगेत उभं करत, बाह्या वर करायला लावत, आणि रांग संपत आली की, “मी जरा स्टोअर बघून येते,” म्हणून नाहीशा. परत येताना दंडावर कापसाचा बोळा घट्ट दाबलेला. “घेतली मी खाली.” त्या वर्षी मी जवळून पाहिलं. बोळा ब्लाउजच्या बाहीवर दाबलेला होता. बाहीवरून. कापडाच्या वरून.

मी काहीच बोलले नाही. त्या मजल्यावर गप्प बसल्याबद्दल ओरडा न खाता सुटले अशी ती माझी एकमेव वेळ.

परीक्षा जवळ आली तसा सिस्टरांनी मला ताब्यात घेतलं. अभ्यास त्यांनी घेतला नाही. “अभ्यास तुझा हाय. तोंड न्हाय.” त्यांनी माझ्यासाठी फतवा काढला की परीक्षेपर्यंत मी काहीही मुकाट्याने करायचं नाही. जिना चढताना, हात धुताना, डबा खाताना बोलायचं. घरीसुद्धा.

घरी पहिल्या संध्याकाळी मी कांदा चिरायला घेतला. “आता मी सुरी घेतेय. आता साल काढतेय. काका, डोळ्यांना झोंबेल.”

नवरा मोबाईल खाली ठेवून आला. “काका कोण?”

“पेशंट.”

“कांदा?”

“आता मी तुमच्याकडे बघतेय,” मी म्हणाले. “आता मी सांगतेय की बाजूला व्हा.”

त्याने बाजूला होऊन आईला बोलावलं. सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ ऐकत होत्या. चाळिशीच्या तोंडावर कसली परीक्षा आणि कसली नोकरी, हे त्यांचं मत त्यांनी माझ्यापासून कधीच लपवलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “इतकी वर्षं मुकी होती. आता लागली तर थांबवू नको बाबा, कदाचित साठलेलं असेल.”

साठलेलंच होतं. धरणाचा दरवाजा उघडावा तसं ते आलं. रिक्षात मी रिक्षावाल्याला सांगू लागले की आता मी सुटे पैसे काढतेय. बाजारात मासळीवालीला सांगितलं की आता मी बोंबील दाबून बघणार आहे, तिला राग येईल. ती म्हणाली, “येईल नाय, आलाय.” मुलगी शाळेच्या मैत्रिणींना घेऊन आली की मी आत बसून राहायचं, असं माझ्याकडून वचन घेतलं गेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “त्या ट्रेनीच्या बिल्ल्याला आता गंज लागंल. नवीन मी लावणार. माझ्या हातानं.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं आशीर्वाद देतायत. त्या म्हणाल्या, “घाबरशील. घाबरलीस तर तेपण मोठ्यानं बोल.”

प्रॅक्टिकलचा हॉल. खाटेवर रबरी डमी, गुडघ्याला खोटी जखम. माझ्या वाट्याला ड्रेसिंग आलं. समोर दोन परीक्षक, एक ज्येष्ठ बाई आणि एक चष्मेवाले सर. पुन्हा तेच चार डोळे. माझी जीभ टाळूकडे निघाली. आणि मी तोंड उघडलं.

“नमस्कार काका. मी तुमची सिस्टर. आता मी घाबरलेय. पण हात धुतेय.”

सरांनी पेन थांबवलं. शेजारच्या खाटेपाशी परीक्षा देणारी पोरगी वळून बघू लागली.

“काका, आता मी जखमेवरची पट्टी काढतेय. चिकटली असेल तर ओढ बसेल. दुखेल. माझ्याकडे बघा. गावाकडे कोण असतं तुमचं?”

“तो डमी आहे,” बाई म्हणाल्या.

“हो मॅडम. काका, या मॅडम आहेत, यांना घाबरू नका. आता मी चिमटा उचलतेय. आता बोळा घेतेय. आता…” चिमट्याचं टोक ट्रेच्या बाहेरच्या कडेला हलकंसं टेकलं. कुणालाही दिसलं नसतं. पण माझं तोंड माझ्या हाताच्या पुढे पोचलं होतं. “चिमटा बाहेर टेकला! आता तो निर्जंतुक नाही, हा बाद. काका, थांबा जरा, दुसरा घेते.”

मग लांबून, तिसऱ्या खाटेजवळच्या पोरीचा बारीक आवाज आला, “आता मी पण हात धुतेय.” आणि चष्मेवाले सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हे मोठ्याने बोलायला कुणी शिकवलं?”

“आमच्या सिस्टरांनी.”

“आवाज थोडा कमी चालेल,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. वळताना डमीचं पांघरूण त्यांनी स्वतः नीट केलं. ते मी पाहिलं.

पास झाले. पुढे कागद, फोटो, वाट पाहणं. आणि रजिस्ट्रेशन आलं ते नेमकं सिस्टर सुट्टीवर असताना. भाच्याचं लग्न होतं. आमच्याकडच्या हळदी तुम्हाला माहीत असतील. लग्न नुसतं नावाला असतं, खरा दणका हळदीचा. अख्खं गाव, वडे, मटण आणि उजाडेपर्यंत नाच. आत्याबाई म्हटल्यावर प्रत्येक पंगतीत बसणं आलं.

सकाळी हॉस्पिटलखाली तीच पांढरी धूड गाडी करकचून थांबली. भाऊ पुढे, दोन भाचे मागे, मध्ये सिस्टर. जरीची साडी, हातभर बांगड्या, गालाला हळद, डोळे खोल गेलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला होता. “काय न्हाय,” त्या कुजबुजत होत्या. “जरासं मटण…”

डॉक्टरने तपासलं. घाबरण्यासारखं नव्हतं, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी पार गेलं होतं. “ताबडतोब सलाईन. सिस्टर, कुणाकडून लावून घेता? तुम्हीच सांगा.”

सिस्टरांनी डोळे फिरवले. दोघी पोरी पडद्यामागे गेल्या. तिसरी अचानक खाली केमिस्टकडे. उरले मी. त्यांना जिन्याच्या तोंडाशीच झोपवलं होतं. हो, त्याच खाटेवर.

“ही?” सिस्टर लगबगीने म्हणाल्या. आवाज जरा परत आला. “ही ट्रेनी हाय. ट्रेनीच्या हातनं मी घेणार न्हाय. नियम हाय.”

डॉक्टरने खिशातून नवा बिल्ला काढला. “कालच तिचं रजिस्ट्रेशन आलं.”

सिस्टरांच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकामागून एक आल्या. आधी त्या अशा उजळल्या की गालावरची हळद फिकी पडली. आणि मग, अगदी लगेच, त्यांना बाहेर पडायची वाट बंद झाल्याचं कळलं.

“आण इकडं तो बिल्ला,” त्या म्हणाल्या. “मी लावणार म्हनलेलं. खाली वाक.”

मी वाकले. त्यांनी जुना बिल्ला काढला, नवा लावला. वाकडा लागला. काढून पुन्हा लावला. “आता मी हिला बिल्ला लावतेय,” त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग माझ्या गालाला हात लावून हळू, “अंगात पानी असतं तर रडली असती गो मी.”

माझ्या अंगात होतं. मी रडले. मग म्हणाले, “सिस्टर, आता हात द्या.”

“हात धुतलेस?”

“धुतले. तुम्ही बघितलंत.”

“परत धू. खिडकी लाव. न्हाय, उघड, उजेड पायजे. ट्रे दाखव. ही सुई केवढी घेतलीस? बारीक न्हाय? माझ्या भावाला बाहेर काढ. न्हाय, राहू दे त्याला. भाऊ, हात धर माझा. तो न्हाय, दुसरा!”

पडद्यामागच्या पोरी बाहेर आल्या होत्या. लिफ्टवाला जिन्यात उभा. पाच नंबरचा पेशंट उठून बसला होता. खाली लूम खटाखट चालले होते. मी पट्टा बांधला, शीर शोधली. सापडायला वेळ लागला, कोरडी पडली होती. पण सापडली.

“सिस्टर, आता मी पुसतेय. गार लागेल.”

त्यांनी डोळे मिटले.

“आता मी सुई टोचतेय,” मी त्यांच्याच पट्टीत, त्यांनीच दिलेल्या आवाजात म्हणाले. “दुखेल!”

आणि भिवंडीची लाईट गेली. पंखा थांबला, गल्लीतले सगळे लूम एका दमात मुके झाले, आणि त्या शांततेत, खालच्या चहावाल्यापासून पलीकडच्या नाक्यापर्यंत, आमच्या सिस्टरांचा परत आलेला आवाज स्वच्छ ऐकू गेला:

“अगं खोटं बोल गो बाई, खोटं बोल!”